हरीण आणि कोयोटी, दोन्हीसाठी एकच रायफल: काडतूस कसं निवडायचं?

(एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले अडखळे आणि पाल्हाळ काढलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड एका श्रोत्याच्या प्रश्नावर आहे. डॅलसजवळ राहणाऱ्या एका मित्राने व्हॉइस मेसेज पाठवला: "दादा, ऑफिसातल्या लोकांबरोबर या नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जायचंय. ज्यांच्या रँचवर जाणार त्यांच्या शेळ्यांना कोयोटींचा त्रास आहे, त्यामुळे पुढे कोयोटीही करायच्या आहेत. रायफल एकच घेणार. दुकानात गेलो तर काउंटरवरच्या माणसाने पाच मिनिटांत आठ आकडे तोंडावर फेकले. यातलं घेऊ काय?"

उत्तराआधी एक खुलासा, कारण आपले निम्मे श्रोते महाराष्ट्रात आहेत. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यामुळे हौशी शिकार बंद आहे, आणि हा एपिसोड ऐकून इकडे कोणी काही करायला जाऊ नये. आपण बोलतोय अमेरिकेबद्दल, आणि त्यातही मुख्यतः टेक्सासबद्दल. तिथे हरणाचा ठरलेला हंगाम असतो, परवाना असतो, आणि एकाने किती मारायची याची मर्यादा असते.

दुसरा खुलासा एच-वन-बी वगैरे तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांसाठी. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला सरसकट मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे क्रम असा: आधी परवाना, मग बंदूक. शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नको. आणि टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. म्हणजे आपण सगळेच आलो.

आधी माझी चूक

माझ्याकडे .२४३ विंचेस्टरची रायफल आहे. पॉइंट टू फोर थ्री. हरीण आणि कोयोटी दोन्हीला चालणारं काडतूस विचारलं, तर दहापैकी सहा-सात लोक हेच नाव सांगतील. मीही तेच ऐकून घेतली होती. म्हणजे काडतूस अगदी बरोबर होतं.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. ऑस्टिनच्या वायव्येला, लानोच्या बाजूला आम्ही एका रँचवर जायचो. टेक्सासमध्ये बहुतेक जमीन खासगी आहे, त्यामुळे शिकारीसाठी रँच भाड्याने घेतात, त्याला 'लीज' म्हणतात. आदल्या दिवशी मी कोयोटीसाठी बसलो होतो. एकही आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरणासाठी मचाणावर बसलो, आणि रायफलमध्ये आदल्या दिवशीचीच काडतुसं राहिली. ५८ ग्रेनची, कोयोटीची. मला ते माहीत नव्हतं असंही नाही. खोक्यावर शक्तीचा आकडा मोठा होता, 'एवढी ताकद आहे, चालेल' असं वाटलं.

नव्वदेक यार्डांवर एक मादी आली. थोडी माझ्याकडे तोंड करून तिरकी उभी होती. मी खांद्यावर नेम धरला आणि झाडली. ती बसकी झाली, उठली आणि पळाली. जागेवर केस होते, थोडं रक्त होतं, आणि पन्नास पावलांवर तेही संपलं. रात्री दहापर्यंत टॉर्च घेऊन चौघं माग काढत होतो. सापडली नाही.

सकाळी सापडली. चारेकशे यार्डांवर, सीडरच्या झुडपात. रात्रीतून कोयोटींनी मागची बाजू खाऊन टाकली होती. रँचचा म्हातारा मालक खाली बसला, खांदा उलटापालटा करून बघितला. वर मुठीएवढा खड्डा, पण उथळ. खांद्याच्या हाडावरच गोळीचा चुरा झाला होता, फुप्फुसापर्यंत काही पोचलंच नव्हतं. त्याने विचारलं, "कुठली गोळी होती?" मी खिशातून खोकं काढून दिलं. त्याने वाचलं आणि काही न बोलता परत दिलं.

मेलेल्या जनावराचं वाईट वाटतं ते एक. पण ती किती वेळ जिवंत होती हे मला आजही माहीत नाही, त्याचं जास्त वाटतं. म्हणून आजच्या एपिसोडमध्ये 'कुठलं काडतूस' या प्रश्नाबरोबर 'त्यात कुठली गोळी' हा प्रश्नही तितकाच मोठा ठेवणार आहे.

काडतूस म्हणजे काय, गोळी म्हणजे काय

बोलताना आपण दोन्हीला 'गोळी' म्हणतो, तिथूनच घोळ सुरू होतो. काडतूस म्हणजे पूर्ण वस्तू. त्याचे चार भाग: पितळेचं कवच, तळाला ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. उडून जाते ती फक्त गोळी.

नावातला आकडा साधारण गोळीचा व्यास सांगतो, इंचात. .२४३ म्हणजे ०.२४३ इंच, सहा मिलिमीटरच्या जरा वर. पुढे 'विंचेस्टर', 'रेमिंग्टन' असतं, ती बहुधा ते काडतूस बाजारात आणणारी कंपनी. नावं मात्र काटेकोर नसतात. .२२३ रेमिंग्टनच्या गोळीचा व्यास .२२४ इंच असतो. आणि .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल. नावावरून गणित करायला जाऊ नका.

गोळीचं वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. एका पाउंडात ७,००० ग्रेन, म्हणजे १ ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. १०० ग्रेनची गोळी साडेसहा ग्रॅमची झाली. हा ग्रेन दारूचा नाही, गोळीच्या वजनाचा. खोक्यावर तोच मोठ्या अक्षरात छापलेला असतो.

दोन जनावरं, दोन गरजा

पांढऱ्या शेपटीचं हरीण, तिकडे त्याला व्हाइटटेल म्हणतात. मध्य टेक्सासमधली मादी चाळीस-पंचेचाळीस किलोची असते. उत्तरेकडच्या थंड राज्यांत मोठा नर शंभर किलोच्या वर जातो. नेम असतो काळीज आणि फुप्फुसांवर. बाजूने बघितलं तर तो भाग साधारण २० सेंटीमीटरचा, जेवणाच्या छोट्या ताटलीएवढा. तिथे पोचायला गोळीला कातडं, स्नायू, बरगडी आणि कधी खांद्याचं हाड पार करावं लागतं. गोळी आत खोल जायला हवी, आणि जाताना फुलायला हवी. काम लवकर होतं ते या दोन गोष्टींनी.

कोयोटी दिसायला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधली. वजन बहुधा दहा ते वीस किलो. नेमाची जागा हरणाच्या निम्मी, दहाएक सेंटीमीटर. ती हलत असते, लांब असते, आणि कान-नाक इतके तीक्ष्ण की दुसरी संधी देत नाही. इथे खोल जाण्याची अडचण नाही, नेमकेपणाची आहे: वेगवान गोळी, सपाट मार्ग, कमी धक्का. कातडं विकायचं असेल तर गोळी आतच फुटावी, दुसऱ्या बाजूने मोठं भोक पाडून जाऊ नये, असंही लोक बघतात.

थोडक्यात, एकाला खोल जाणारी गोळी हवी आणि दुसऱ्याला लगेच फुटणारी. एकच गोळी दोन्ही कामं नीट करत नाही. एकच काडतूस मात्र करू शकतं, गोळी बदलून.

दुकानातले आकडे, एकेक करून

*.२२३ रेमिंग्टन.* ५५ ग्रेनची गोळी, वेग सुमारे ३,२४० फूट प्रति सेकंद. धक्का जवळजवळ नाही, काडतुसं स्वस्त, त्यामुळे सराव भरपूर होतो. कोयोटीसाठी उत्तम. हरणासाठी टेक्सासच्या कायद्यात बसतं, पण जड आणि मजबूत गोळी, जवळचं अंतर आणि अनुभवी हात असेल तरच. पहिल्या हंगामाला मी सुचवणार नाही.

*.२२-२५० रेमिंग्टन.* त्याच ५५ ग्रेनला ३,६८० च्या आसपास वेग. कोयोटीवाल्यांचं लाडकं, मार्ग फारच सपाट. हरणाच्या बाबतीत .२२३ च्याच मर्यादा, आणि नळी लवकर झिजते.

*.२४३ विंचेस्टर.* १९५५ साली आलं. .३०८ चं कवच घेऊन त्याची मान आवळून बनवलेलं. ५५ ते ८० ग्रेनच्या गोळ्या कोयोटीला, ९० ते १०० ग्रेनच्या हरणाला. दोन जनावरांमधला पूल म्हणतात ते हेच.

*६.५ क्रीडमूर.* २००७ चं, म्हणजे या घोळक्यातलं लहान भावंडं. १४० ग्रेनच्या आसपासची लांबट गोळी, वेग २,७०० फूट. वाऱ्याला कमी दबतं, धक्का सोसण्याजोगा. झुकाव हरणाकडे, पण कोयोटीसाठी हलक्या गोळ्याही मिळतात.

*.२७०, .३०८, .३०-०६.* जुनी आणि भरवशाची मंडळी. हरीणच काय, एल्कपर्यंत चालतात. कोयोटीला गरजेपेक्षा जास्त, आणि धक्का मोठा. साधारण वजनाच्या रायफलमध्ये .३०-०६ चा धक्का .२४३ च्या दुप्पट भरतो.

*.३०-३० विंचेस्टर.* १८९५ चं. झाडीत, जवळून हरीण मारायला आजही छान. कोयोटीच्या अंतरांसाठी नाही.

शक्तीचा आकडा कुठे फसवतो

आता माझ्या चुकीकडे परत. गोळीची शक्ती 'फूट-पाउंड'मध्ये देतात. शाळेतलं सूत्र आठवा: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वेगाचा वर्ग होतो, म्हणून हलकी पण वेगवान गोळी कागदावर फार ताकदवान दिसते.

.२४३ मध्ये १०० ग्रेनची गोळी २,९६० फुटांच्या वेगाने निघते, नळीपाशी शक्ती १,९४५ फूट-पाउंड. माझी ५८ ग्रेनची ३,७५० ने निघते, शक्ती १,८०० च्या वर. फरक फार नाही ना? मीही तेच बघितलं होतं.

पण कोयोटीच्या गोळीचं तांब्याचं आवरण मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. लागल्या लागल्या ती फुटते, सगळी शक्ती पहिल्या काही सेंटीमीटरमध्ये संपते. कोयोटीत तेवढ्यात फुप्फुस येतं. हरणाच्या खांद्यात तेवढ्यात फक्त हाड येतं. हरणाच्या गोळीचं आवरण जाड असतं, कधी आतलं शिसं आवरणाला जोडलेलं असतं, कधी पूर्ण गोळीच तांब्याची असते. ती छत्रीसारखी फुलते, जवळपास दुप्पट रुंद होते, आणि वजन राखून पुढे जात राहते.

म्हणून खोकं हातात घेतलं की आधी ग्रेन बघा, मग शब्द. 'व्हार्मिंट' किंवा 'प्रेडेटर' लिहिलंय? ते कोयोटीचं. हरणाचं चित्र, 'बाँडेड', 'सॉफ्ट पॉइंट' किंवा 'कॉपर' लिहून वजन ९० ग्रेनच्या वर? ते हरणाचं. हे .२४३ बद्दल बोलतोय; इतरांत ग्रेन बदलतील, शब्द तेच. 'फुल मेटल जॅकेट' कशालाच नको. ती न फुलता आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं, आणि अनेक राज्यांत हरणासाठी ती बेकायदा आहे.

अंतर, वारा आणि खांदा

.२४३ ची तीच १०० ग्रेनची गोळी घ्या. १०० यार्डांवर शक्ती साधारण १,६१५ उरते, २०० वर १,३३०, ३०० वर १,०९०. हरणासाठी १,००० फूट-पाउंड ही जुनी ढोबळ मर्यादा मानतात. म्हणजे ३०० ला आपण काठावर आलो. रायफल २०० यार्डांवर जुळवलेली असेल तर १०० वर गोळी चारेक सेंटीमीटर वर लागते, आणि ३०० वर १९-२० सेंटीमीटर खाली. ताटली २० सेंटीमीटरची. मध्यावर नेम धरला तरी गोळी ताटलीच्या बाहेर गेली. नवख्याने २०० यार्डांच्या आत राहावं, एवढं या गणितातून घ्या.

वाराही बघा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा २०० यार्डांवर .२२३ च्या ५५ ग्रेनला साधारण १५ सेंटीमीटर ढकलतो, ६.५ क्रीडमूरच्या लांब गोळीला सहाएक. कोयोटीची नेमाची जागा दहा सेंटीमीटर. पश्चिम टेक्सासच्या उघड्या माळावर शिकार करणाऱ्याने हे वजनात धरावं.

आणि खांदा, म्हणजे तुमचा. पहिल्यांदा .३०-०६ झाडली की दुसऱ्या वेळी घोडा ओढण्याआधीच डोळे मिटतात, अंग आकसतं. मग गोळी जाते कुठेही. जे काडतूस तुम्ही न दचकता वीस वेळा झाडू शकता ते तुमचं.

नळीचा पीळही विचारून घ्या. नळीच्या आत आट्या असतात, त्या गोळीला फिरवतात. बऱ्याच .२४३ रायफलींमध्ये १० इंचांत एक फेरा असतो. तो १०० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या नीट फिरवतो. त्याहून लांब गोळ्यांना जास्त पीळ लागतो, नाहीतर त्या हवेतच डगमगतात.

राज्य बदललं की नियम बदलतो

टेक्सासमध्ये हरणासाठी रिमफायर, म्हणजे .२२ एलआर वगैरे, चालत नाही, सेंटरफायर चालतं. व्हर्जिनियात हरणासाठी किमान .२३ कॅलिबर लागतं, म्हणजे .२२३ बाद, .२४३ पास. कोलोरॅडोत किमान .२४, गोळी ७० ग्रेनची आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड शक्ती, गोळी फुलणारीच हवी. ओहायोत तर हरणासाठी सरळ भिंतीच्या कवचाचं काडतूस लागतं; .२४३ बाटलीसारखं, मान आवळलेलं, म्हणून तिथे ते हरणाला चालत नाही. नोकरी बदलून राज्य बदललंत, तर त्या राज्याच्या वन्यजीव खात्याचं त्या वर्षाचं पुस्तक डाउनलोड करून वाचा.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद आहे. कारण कॅलिफोर्निया काँडोर, तिकडचं गिधाड. शिकारी टाकून गेलेल्या आतड्यांतले शिशाचे कण त्याच्या पोटात जातात आणि तो मरतो. आपल्याकडे गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडं गेली, हे तुम्हाला माहीत आहेच; मेलेल्या जनावरातून विष पोचण्याची वाट तीच. शिवाय मांस घरी खायचं असेल तर शिशाचे बारीक कण जखमेच्या बरेच बाहेरपर्यंत पसरतात. म्हणून मी आता तांब्याची गोळी वापरतो. महाग पडते, पण वर्षाला हरणासाठी लागतात किती?

मग उत्तर काय?

डॅलसच्या मित्रा, तुझ्यासाठी: .२४३ विंचेस्टर. जागा उघडी, वारं जास्त आणि अंतर लांब असेल तर ६.५ क्रीडमूर. पुढे एल्क वगैरे मनात असेल तर .३०८. तिन्ही कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतात, आणि हंगामाच्या आदल्या रात्री याची किंमत कळते.

पण त्याबरोबर एवढं कर:

१. दोन वेगळी खोकी, दोन वेगळ्या पिशव्या. हरणाच्या काडतुसांची आणि कोयोटीच्या काडतुसांची. संध्याकाळी परत आलास की रायफल रिकामी कर, खिसेही रिकामे कर.

२. प्रत्येक गोळीने रायफल वेगळी जुळव. ५८ आणि १०० ग्रेन एकाच जागी लागत नाहीत. रेंजवर दोन्ही झाडून बघ, फरक किती ते कागदावर लिही आणि कागद दस्त्याला चिकटव.

३. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या तळावरचं नाव, दोन्ही जुळवून बघ. .३०० ब्लॅकआउट .२२३ च्या रायफलमध्ये बसू शकतं, आणि झाडलं तर रायफल हातात फुटते. दुसऱ्याची काडतुसं उसनी घेताना तर हमखास बघ.

४. जनावरामागे माती दिसली पाहिजे. टेकडीच्या कडेवर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभं असेल तर झाडायची नाही. गोळी मैल-मैल जाते.

५. झाडल्यावर जनावर पळालं तर शोध. टेक्सासच्या कायद्यात जखमी जनावर शोधायचा वाजवी प्रयत्न करणं बंधनकारक आहे. कायदा नसता तरी शोधलंच असतं आपण.

गेल्या हंगामात मी परत त्याच मचाणावर होतो. नव्वद ग्रेनच्या आसपासची तांब्याची गोळी. एक मादी आली, तिरकी उभी राहिली. मी थांबलो, ती पूर्ण आडवी होईपर्यंत थांबलो. तीस पावलं गेली आणि बसली. म्हाताऱ्याने येऊन बघितलं आणि या वेळी खोकं मागितलं नाही.

तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजवर पाठवत राहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!